चूप बसा, टेप भरून राहिला

धान कापणीला आला की इतरांना काय आठवतं मला ठाऊक नाही, मला आधी 'खट्' असा एक आवाज ऐकू येतो. आवाज भरायचं लाल बटण आणि त्याच्या शेजारचं काळं बटण, दोन्ही एकदम खाली दाबली की व्हायचा तो. त्या आवाजानंतर आमच्या घरात माणसानं शिंकायचंसुद्धा नाही, असा नियम होता. कोंबड्या डालीखाली जायच्या, कुत्र्याला दाराबाहेर हाकलायचं, आणि तुळशीकाका अंगणाच्या मधोमध उभे राहून, एवढं मोठं पागोटं सावरत, साऱ्या घराला दम द्यायचे. "चूप बसा, टेप भरून राहिला!"

यंदाही गोंदियाहून एसटीनं माहेरी निघाले आणि सडक अर्जुनीच्या अलीकडे शेतं दिसू लागली. बांध्यांमध्ये, म्हणजे बांधांनी आखलेल्या शेताच्या तुकड्यांत, कापलेल्या धानाच्या कडपा पसरलेल्या, काही ठिकाणी भाऱ्यांचे पुंजणे रचून झालेले, मध्येच एखाद्या बांधीत हार्वेस्टर घरघरत चाललेला. खिडकीतून तो कोरडा, किंचित गोडसर वास आत आला आणि माझ्या मांडीवरच्या पिशवीला मी दोन्ही हातांनी घट्ट धरलं. पिशवीत कापूस होता, स्पिरिटची बाटली होती, बारीक पेचकस होते आणि एक सहा कोनांची पेन्सिल होती. शेजारच्या बाईनं विचारलं, "बहनजी, नर्स हो क्या?" मी म्हटलं, नाही हो, पेशंट आहे पण. टेपरेकॉर्डर. ती बिचारी पुढच्या स्टॉपपर्यंत माझ्याकडे संशयानं पाहत होती.

आमच्याकडे दिवाळी हा काही खरा सण नव्हे, दिवाळी म्हणजे मंडईची पूर्वतयारी. दिवाळी आटोपली की गावागावांत मंडई भरते, एका दिवसाची जत्राच. आज या गावी, उद्या त्या गावी. लेकी माहेरी येतात, जावई येतात, न बोलावलेलेही येतात. उकडलेले शिंगाडे, जिलेबी, फुगे, आणि भर दुपारी गावच्या मैदानात दंडार. दंडार म्हणजे आमचं गाणं-नाचणं-सोंगं सगळं एकात. पुरुषच गाणार, पुरुषच लुगडं नेसून नाचणार. बायकांनी लांब बसून पाहायचं. आणि प्रत्येक गावच्या दंडारीचा सुरुवातीचा गण वेगळा. आमच्या गावचा गण तर जगावेगळा, कारण तो आधी शेताला नमस्कार करतो आणि मग गणपतीला.

आधी नमन बांधीले, मंग नमन गनाले
लोंब लवली भुईले, तसे लवू सारे जन गा

हा गण तुळशीकाका गायचे. तुळशीकाका म्हणजे माझ्या बाबांचे धाकटे भाऊ. त्यांचा आवाज असा की बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पलीकडच्या काठावर म्हशी मान वर करत. आणि हा आवाज पेटीत भरून ठेवायचा म्हणूनच तर आमच्या घरात टेपरेकॉर्डर आला. पण टेपरेकॉर्डरच्या आधी आलं ते कॅटलॉग.

ते कॅटलॉग! अहाहा. बाबा धान घेऊन गोंदियाला गेले होते, मी हट्टानं सोबत. बाजारातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाच्या काचेशी मी नाक लावून उभी, आणि आतून शेठ म्हणाले, "काँच गंदी मत कर बिटिया, ये ले, घर जाके देख." गुळगुळीत, जाड, चकचकीत कागदाचं पुस्तक. पानापानावर टेपरेकॉर्डर. उभे, आडवे, एका स्पीकरचे, दोन स्पीकरचे, हँडलवाले, पट्टा लावून खांद्याला अडकवायचे. प्रत्येकाच्या शेजारी एक बाई हसत उभी, जणू तो तिनंच जन्माला घातला. पान उघडलं की रंगाचा आणि गोंदाचा असा काही वास यायचा की मी ते तोंडावर पालथं घालून झोपायची.

माझं इंग्रजी शाळेत नाही झालं, त्या कॅटलॉगमध्ये झालं. 'ऑटो स्टॉप', 'टोन कंट्रोल', 'डिटॅचेबल कॉर्ड'. एकदा गुरुजींनी मुलींना विचारलं, इंग्रजीतला एखादा मोठा शब्द सांगा. कोणी एलिफंट म्हणालं, कोणी अम्ब्रेला. मी उठून 'डिटॅचेबल' म्हणाले. गुरुजींनाही अर्थ येत नसावा, पण त्यांनी मला शाबासकी दिली. पुढे कितीतरी दिवस मी घरातल्या साऱ्या वस्तूंची दोन गटांत वाटणी करत होते, डिटॅचेबल आणि न होणाऱ्या. विळ्याची मूठ डिटॅचेबल होती. काकांचं पागोटं होतं. माय मात्र स्वयंपाकघरापासून डिटॅचेबल नव्हती.

आम्ही ते पुस्तक वाचलं किती म्हणून सांगू! कापणीच्या दिवसांत बांधावर भाकर खाताना, पुंजण्याच्या सावलीत, गाडीत भाऱ्यांवर बसून. कोणता घ्यायचा यावर घराघरांत मतं पडली. पलीकडच्या वस्तीतली माझी मैत्रीण करुणा यायची. त्यांच्याकडे टेप आधीच आला होता आणि त्यावर सकाळपासून भीमगीतं लागायची. ती जाणकारासारखी पान उलटत म्हणायची, "हा घेऊ नको वो, याले बॅटऱ्या लय लागतेत." आणि बॅटऱ्यांचं ज्ञान तर आम्हा सर्वांनाच होतं. संपल्या की उन्हात वाळत घालायच्या, पापडांसारख्या. तासभर ऊन खाल्लं की त्या पुन्हा दोन-चार गाणी काढून द्यायच्या. तिसऱ्या गाण्याला गायकाचा आवाज जड व्हायचा आणि चौथ्याला तो झोपी जायचा.

अखेर तो आला. थर्माकोलच्या पेटीतून निघाला तेव्हा आमच्या दारापुढच्या छपरीत अख्खा मोहल्ला. मोठा स्पीकर, समोर बटणांची रांग, आणि उजवीकडे आवाज वाढवायची ती गोल, जाड, कडेला दातेरी घुंडी. मला साऱ्या यंत्रात ती घुंडी सर्वांत प्यारी. डावीकडे फिरवली की आवाज बारीक, उजवीकडे फिरवली की मोठा. काकांनी ती पहिल्याच दिवशी पार उजवीकडे फिरवली आणि गावातले बैल बुजले.

कॅसेटच्या त्या दुनियेत काय काय शिकलो आम्ही! कॅसेटच्या डोक्यावरचे दोन दात मोडले की तिच्यावर काही भरता येत नाही, आणि तिथं कागदाचा बोळा कोंबला की पुन्हा येतं. फीत अडकली की पेन्सिल घालून फिरवायची. आवाज खरखरला की आतलं डोकं पुसायचं. स्पिरिट कुठून आणणार? काकांनी कानातल्या अत्तराच्या फायानं पुसलं. महिनाभर टेपमधून येणारी सगळी गाणी हिन्याच्या वासाची यायची. मी परवा तो उघडला तेव्हा तो वास आला. आला म्हणजे मला तरी आला.

हायवेवरून जाणाऱ्या ट्रकांतही तेव्हा कॅसेट वाजत. फीत गुंतली की ड्रायव्हर वैतागून ती खिडकीबाहेर भिरकावून द्यायचा. सडकेच्या कडेच्या बाभळींवर ती तपकिरी चकचकीत फीत लोंबत राहायची. काका ती गोळा करून आणायचे आणि धान भरला की बांधीवर या खुंटापासून त्या खुंटापर्यंत ताणून बांधायचे. वारा आला की ती फीत हूं हूं करायची आणि पाखरं उडून जायची. मला वाटायचं, त्यात भरलेली गाणीच वाजताहेत. मी बांधावर उभी राहून कोणतं गाणं आहे ते ओळखायचा प्रयत्न करायची. करुणा म्हणायची, मला कधीचं समजलं, तू अजून ऐकूनच राहिलीस.

आता या सगळ्याचा आजच्याशी काय संबंध, तर सांगते. दिवाळीच्या आधी माझ्या भावाच्या मुलाचा, मंगेशचा फोन आला. मंगेश गोंदियाला कॉलेजात आहे, पण जीव गावात. गावची दंडार बंद पडून कित्येक वर्षं झाली. यंदा त्यानं आणि त्याच्या दोस्तांनी ठरवलं, मंडईला दंडार पुन्हा उभी करायची. ढोलकी मिळाली, सोंगं ठरली, गणाचे शब्दही मिळाले. अडलं ते चालीवर. ज्यांनी काकांच्या मागे कोरसात झील धरली होती त्यांतले काही गेले, जे उरले त्यांतल्या एकाला पहिली ओळ आठवे आणि दुसऱ्याला दुसरी, आणि दोघांचं एकमेकांशी जुळेना.

आणि काका? काकांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून त्यांना आवाज नाही. म्हशींना माना वर करायला लावणारा तो गळा आता नुसती हवा सोडतो. काका खुणांनी बोलतात. त्यातली एक खूण घरातल्या लहानग्यांनाही पाठ आहे. कोणी फार कलकलाट केला, टीव्ही मोठा लावला, की काका हवेत पाच बोटं धरून अदृश्य घुंडी डावीकडे फिरवतात. आवाज बारीक कर.

"आत्या, पोट्ट्यायनं त्या गनाले डीजेची चाल लावली," मंगेश फोनवर सांगत होता. "तुळशीआबा पहायले आले होते प्रॅक्टिसले. ऐकलं अना उठले. सगळ्यायकडे पाहून अशी घुंडी फिरवली अना निंगून गेले. दुपारभर बोडीवर बसून होते. जेवले बी नाही."

मला एकदम आठवलं आणि मी फोनवर ओरडलेच. "अरे, गण टेपमध्ये भरला होता ना!"

भरला होताच. माझ्या डोळ्यांपुढे तो दिवस लख्ख उभा राहिला. टेप आल्यानंतरची पहिलीच मंडई, तिच्या आदल्या दिवसाची दुपार. अंगण शेणानं सारवलेलं. मधोमध स्टुलावर टेप. काकांचं म्हणणं साधं होतं, "जेथून आवाज निंगते, तेथूनच आत बी जाईन ना!" म्हणून ते स्पीकरच्या जाळीसमोर, टेपच्या अगदी तोंडाशी उभे. कोंबड्या डालीखाली. माय छपरीत बसून नव्या धानाचे तांदूळ पाखडत होती. सुपाचा फडफड आवाज ऐकून काका चिडले.

"वहिनी, ते सूप ठेवा बरं खाली. टेप भरून राहिला."

"सूप ठेवतो मी," माय म्हणाली. "अना सांजच्याले काय टेप शिजवू?"

बाबा हसले, काकांचा इलाज चालला नाही. सूप चालू राहिलं, बाकी सारं जग गप्प झालं. बाबांनी 'खट्' केलं, आणि काकांनी जाळीत तोंड घालून गण म्हटला. नंतर वाजवून पाहिलं तर काय, काकांचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा! दूरचा, पोकळ. आणि फडफड मात्र जवळ. पहिली ओळ पुरी ऐकली नाही तोच काकांनी बटण दाबून बंद केला. "कंपनीनं फसवलं," एवढं म्हणून कॅसेटवर 'तुळशी' असं लिहून ती फेकून दिली. बाबांनी उचलून डब्यात ठेवली. पुन्हा कोणी ती लावली नाही, काकांनी लावू दिलीच नसती. बाबा आता नाहीत, पण त्यांनी ठेवलेली वस्तू कुठं असेल हे मला झोपेतही सांगता येईल. लाडवाचा जुना डबा, माळ्यावर.

तर अशी मी पिशवी घेऊन माहेरी उतरले. माय छपरीत होती. म्हातारी झाली आहे, कंबर वाकली आहे, पण पुढ्यात सूप तेच आणि तांदूळ नवे. मी पाया पडायच्या आत विचारलं, "माय, टेप कुठं आहे?"

"आली काय वो सुनी! मायची खबर नाही, बात नाही, अना टेपची खबर पुसून राहिली."

"अवो, गणाची चाल हरवली आहे. मंडई जवळ आली."

"चाल काय शेळी आहे काय हरवाले," माय म्हणाली आणि पुन्हा पाखडू लागली. "असन कोठी तरी. जेवून घे आधी."

जेवतेय कोण! मी आणि मंगेश माळ्यावर चढलो. टेप मिळाला, त्याच थर्माकोलच्या पेटीत. लाडवाचा डबा मिळाला, 'तुळशी' मिळाली. आणि पेटीच्या तळाशी, मला आता सांगतानाही हसू फुटतं, ते कॅटलॉग! कोपरे उंदरांनी खाल्लेले, पण ती बाई अजून हसत होती. मी तिथंच धुळीत फतकल मारून बसले. मंगेश म्हणाला, "आत्या, खाली तं चाल." पण मी कुठली चालते! पानं उलटत गेले. आमचा टेप सापडला. एका पानावर त्याचं मोठं चित्र, त्याला चहूबाजूंनी बाण, आणि प्रत्येक बाणाशी बारीक अक्षरांत नाव. लहानपणी मी ते पान कितीदा पाहिलं असेल, पण माझी नजर त्या घुंडीवरून हलायचीच नाही. आता वाचलं. एक बाण टेपच्या मागच्या कोपऱ्यात, हँडलच्या बुडाशी जात होता. तिथं मोहरीएवढं भोक दाखवलेलं. त्याच्याशी लिहिलं होतं, माइक.

माइक मागं होता! काका अख्खा गण स्पीकरच्या तोंडात गायले आणि टेपचा कान होता पाठीकडे, छपरीच्या दिशेला.

खाली येऊन काकांना ते पान दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बाणावर बोट ठेवलं, टेप फिरवून ते भोक पाहिलं आणि मग त्यांचे खांदे गदगद हलू लागले. काका हसत होते, आवाजाशिवाय, डोळ्यांतून पाणी येईतो. कंपनीवरचा इतक्या वर्षांचा आळ त्या दिवशी धुतला गेला. पण हसता हसता ते थांबले आणि त्यांनी कानाजवळ हात नेऊन सूप पाखडल्याची खूण केली. मला कळलं. टेपमध्ये गण आहे की नुसतं सूप?

टेप चालेना. आतला रबरी पट्टा विरघळून डांबर झाला होता. लहानपणी असं झालं की आम्ही सायकलच्या ट्यूबची चकती कापून लावायचो. त्यानं टेप चालायचा, पण बाईचं गाणं पुरुषाच्या आवाजात यायचं. या वेळी तसलं धाडस नको होतं. मंगेशनं मोबाइलवर पट्टा शोधला, मापं घालून मागवला. कुरियरवाला गावात येत नाही, तो हायवेवरच्या ढाब्यावर सामान टाकून पुढं जातो. मी रोज ढाब्यावर. ढाबेवाला लांबूनच मान हलवायचा. मंडईच्या आदल्या दिवशी सकाळी तो रस्त्यापर्यंत पळत आला, "ताई, तुमचा रबर आला!" आणि चहा पाजल्याशिवाय त्यानं मला सोडलं नाही. चार ट्रक ड्रायव्हरही जमले पाहायला. त्यांतला एक पिकल्या मिशांचा पुढं होऊन म्हणाला, "हमारी गाड़ी में भी था। बबूल पे टाँग दिया।" मी त्याला सांगितलं, टांगलेलं आमच्या शेतात वाजत होतं. तो काय समजला देव जाणे, पण फार खूश झाला.

मला त्या परतीच्या वाटेवर वाटून गेलं, हल्लीच्या गाण्यांना मागची बाजूच नसते. बोट लावलं की हवं तेवढं वाजतं, नको ते पुढं ढकलता येतं. कॅसेटला तसं करता यायचं नाही. तुम्हाला हवं ते आणि नको ते, दोन्ही एकाच फितीवर, एकामागून एक. आवडतं गाणं येईपर्यंत नावडतं ऐकत बसावं लागे, आणि असं ऐकता ऐकता कधीतरी तेच आवडू लागे. कॅसेट काही निवडत नाही, तिच्या कानाशी जे येईल ते ती ठेवून घेते. अशा विचारात मी चालत होते खरी, पण पाय मात्र पळत होते.

दुपारी अंगणात खाट टाकली. काका खाटेवर. स्टुलावर टेप, या वेळी भोक कोणीकडे आहे ते साऱ्यांना ठाऊक. मंगेश आणि त्याचे दोस्त भोवती उकिडवे बसले, मंगेशनं मोबाइल पुढं धरला. माय नेहमीसारखी छपरीत, सूप घेऊन. मी नवा पट्टा बसवला, डोकं पुसलं, पेन्सिलीनं फीत ताणून घेतली. उद्या मैदानात डीजेची चाल वाजणार की आमच्या बांधीचा गण, ते आता या बोटभर रुंदीच्या खिडकीतून दिसणाऱ्या दोन चाकांवर होतं. काकांचे डोळे त्या चाकांवरून हलत नव्हते.

खट्.

आधी नुसती सरसर. मग फड, फड, फड. सूप! मंगेशनं कपाळावर हात मारला. मग दुरून, खूप दुरून, एक भरदार आवाज. काका! शब्द लागत होते, पण चाल खालीवर होऊन विरून जात होती, जणू बोडीच्या पलीकडून कोणी गातंय. काकांनी मान खाली घातली. मी घुंडी उजवीकडे फिरवली. सूप मोठं झालं. आणि सुपाच्या फडफडीला लागून, तिच्या ठेक्यावर, आणखी काहीतरी मोठं झालं. बारीक, तोंडातल्या तोंडात, पण एकूण एक सूर जागच्या जागी. आधी नमन बांधीले.

"आत्या, हे कोन गाऊन राहिलं?" मंगेश कुजबुजला.

मी उत्तर द्यायच्या आत दुसरी ओळ सुरू झाली. लोंब लवली... आणि टेप कण्हला. आवाज जड झाला, लांबला, फीत गुंतली आणि सगळं थांबलं. मी झडप घालून बटण दाबलं, झाकण उघडलं, तर तपकिरी फितीचा गुंता बाहेर आला, मधोमध तुटलेला. पोरं हाय हाय करत उठली. इतकं सगळं करून दीड ओळ!

आणि तेवढ्यात पुढचे शब्द आले. त्याच चालीत, त्याच बारीक आवाजात, त्याच सुपाच्या ठेक्यावर. भुईले, तसे लवू सारे जन गा.

माझ्या हातात तुटलेली फीत होती. टेपचं झाकण उघडं होतं. आम्ही सगळे हळूच छपरीकडे वळलो. माय तांदळातले खडे पाहत होती, सूप फडफडत होतं, आणि ओठ हलत होते. टेप बंद पडल्याचं तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. ती पुढच्या कडव्यात शिरली, ते कडवं तर कोणालाच माहीत नव्हतं, आणि मग अंगणातली शांतता तिच्या कानी पडली. ती दचकून थांबली. डोक्यावरचा पदर तिनं पुढं ओढला.

"काऊन बंद केला?" तिनं विचारलं.

"माय," मी म्हटलं, "टेपमध्ये तूच आहेस. तुला सगळा गण येतो?"

"येते म्हंजे? तुहे काका रोज बोंबलत होते, मले का कान नव्हते काय?"

"मंग बोलली काऊन नाही वो आजी?" मंगेश रडकुंडीला आला होता. "आमी कोठी कोठी चाल पाहून राहिलो!"

मायनं काकांकडे पाहिलं. इतकी वर्षं ती या दिरासमोर मोठ्यानं हसलीसुद्धा नव्हती. तिनं नजर पुन्हा सुपात घातली आणि म्हणाली, "भाऊजींनं सांगतलं होतं ना, चूप बसा, टेप भरून राहिला. मंग आपली बारीकच गायली."

काका खाटेवरून उठले. छपरीच्या पायरीपाशी जाऊन मायसमोर उभे राहिले. त्यांचे ओठ हलले, नुसती हवा आली. मग त्यांनी आपला उजवा हात पुढं केला, पाच बोटांत हवेतली ती घुंडी धरली, आणि तिला हळूहळू, पार शेवटपर्यंत, उजवीकडे फिरवलं.

मायनं सूप खाली ठेवलं नाही. पण ती गाऊ लागली, आणि बोडीच्या काठावरच्या म्हशींनी माना वर केल्या.